तरंगणारा बेडूक

१४ नोव्हेंबर, लुडविग्सहाफेन

आज तळ्याकाठचं गवत गोठलेलं होतं आणि ह्यांनी गळाला तो लाल रबरी बेडूक बांधला. पाण्यावर तरंगणारा, उन्हाळ्यातला. थंडीत बार्श मासा तळाशी जातो, वर येतच नाही, हे मला ह्यांनीच शिकवलं. दर ऑक्टोबरला बेडूक स्वतः डब्यात ठेवायचे.

"अहो, नोव्हेंबर आहे!"

"काहीतरीच तुझं. आत्ता तर गणपती गेले."

मी हसले. चेष्टाच असणार, नाही का? तासभर बेडूक पाण्यावर नाचला. खालून काहीच आलं नाही. मी मनातल्या मनात शाळेतली हेल मेरीची प्रार्थना म्हणत राहिले.

परतताना ह्यांनी माझा हात धरला, लग्नाआधी धरायचे तसा. मग हळूच विचारलं, "आपली गाडी कुठली गं?"

पार्किंगमध्ये एकच गाडी होती.