सिलिंडरची पिन आणि संचालक मंडळ

मु. पो. जाम
दसऱ्यानंतरचा रविवार

आदरणीय सदाशिवदादा यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? हिंगणीकडे पुन्हा वाघ दिसल्याचं ऐकलं, सांभाळून असा. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी फार घाबरलेलो आहे. (फोनच केला असता, पण माझा फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की तुमच्या भगिनी सुलोचनाबाईंनाही ऐकू येतो.)

तुम्हाला आठवत असेल, तेलघाण्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तेव्हा तुमच्या अंगणात बसून मी सांगितलं होतं, की आता जबाबदारी मर्यादित झाली, कंपनीचं काहीही होवो, घराला धक्का नाही. तुम्ही मानही डोलावली होती. मागच्या महिन्यात आमचे सीए म्हणाले की बँकेच्या कागदावर आम्ही नवरा-बायको दोघांनी वैयक्तिक हमी दिलीय, घरासकट. कंपनी जळाली तर घरही जाईल. कागद अठ्ठावीस पानी होता, दादा. मी सहीच्या जागा तेवढ्या वाचल्या होत्या.

तेव्हापासून मी कागदांच्या मागे धावतोय. खाद्य परवाना झाला, वजनकाट्यावर शिक्का झाला, ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला (त्यात आमचा धंदा 'इतर' असा लिहिलाय, त्याचीही धास्ती वाटते), दोघा मजुरांचा अपघात विमा काढला. राहिला तो आगीचा विमा. एका शेडमध्ये जवस, तेल काढून उरलेली ढेप, तेलाचे डबे आणि वर रिकामी पोती. माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून एकदा तरी हे सगळं पेटतं. समोरच्या पानठेल्यावर कोणी बिडी शिलगावली तरी मी रस्ता ओलांडून त्याला विझवायला लावतो. बुधवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर येतोय, आणि तो आधी आग विझवायचा लाल सिलिंडर बघणार.

सिलिंडर आहे. (हा तिसरा. आधीच्या दोघांचं काय झालं ते भेटीत सांगेन.) पण खांडेनवमीला तुमच्या भगिनींनी घाणा, मोटर, वजनकाटा, पाने-पक्कड या सगळ्यांसोबत त्यालाही पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि लाल धाग्याचे एकवीस वेढे देऊन त्याची पिन अशी आवळली की ती आता पैलवानालाही निघायची नाही. विम्याचं काम बघणारी दिपाली हिंगणघाटहून आली होती. धागा बघून ती म्हणाली, "काका, पिन निघत नसन त सर्व्हेअर पास करत नाई." मी कात्री आणली. तुमच्या भगिनी एवढंच म्हणाल्या, "हात त लावून पाहा." मी कात्री जागेवर ठेवली.

मग मी रीतसर संचालक मंडळाची सभा बोलावली. मंडळात आम्ही दोघंच. धागा काढण्याच्या ठरावाला एक मत बाजूनं पडलं, एक विरुद्ध. आणि अध्यक्ष त्या, म्हणून निर्णायक मतही त्यांचंच. इतिवृत्तही त्यांनीच लिहिलं. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाला त्यात "चर्चा झाली" एवढीच जागा मिळाली.

बाकी ठीक. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
पुंडलिक

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. पत्र उद्या सकाळच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती पाठवतोय; मंगळवारी कसंही करून या आणि तो धागा सोडवा. मोठ्या भावाचा शब्द त्या मोडत नाहीत. घर वाचलं तर तुमच्यामुळे वाचेल. मी पत्र लिहिलं हे मात्र त्यांना सांगू नका.

आणखी ता. क. दादा, पाकिटाले डिंक मागाले हे माह्याकडेच आले, म्हणून वाचलं. धागा पूजेचा नाई, पूजा झाल्यावर मी मुद्दाम बांधला. पहिला सिलिंडर यायनं उदबत्तीच्या धुरावर मारला, दुसरा माह्या फोडणीवर. तिसरा बुधवारपर्यंत भरलेला राह्यला पाहिजे. भेव मलेही वाटते, त्या कागदावर माहीही सही आहे. सर्व्हेअर दारात आला की धागा मीच कापीन, कात्री कमरेलेच बांधून ठेवली आहे. तुम्ही मंगळवारी नक्की येजा, पण धागा सोडवाले नाई, यायले घेऊन जाले. आन वहिनीले सांगजा, हे तिथं असेपर्यंत घरात फोडणी नको.