गोणपाटातले शंभर दाणे

प्रिय शेखर,

तुझा मेसेज काल दुपारी आला. ‘ताई, माह्यं बेनं किती गरमीवर वाळवलं व्हतं? खरं सांगजो.’ एवढंच. तब्येत कशी आहे, पाऊस किती झाला, काही नाही. तरी तो वाचून मला इतकं बरं वाटलं की मी चष्मा पदराला पुसून पुन्हा वाचला. उत्तर मी देणार आहे. फोनवर दिलं असतं तर तू ‘हाव, हाव’ करत मधेच ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. ते तुला पुरतं वाचावंच लागेल, कारण परवा तुझी तीस पोती वडनेर भोलजीला, सारिकाच्या माहेरी निघायची आहेत. सासऱ्यांच्या अख्ख्या भावकीला तू शब्द देऊन बसला आहेस, आणि ते बियाणं उगवणार की नाही हे आज फक्त मला माहीत आहे. शेवटचं पान आधी उलटून पाहू नकोस. तिथेही ते लिहिलेलं नाही.

पत्र आणणारीला तू ओळखतोसच. आपल्या शेतात पिढीभर सोंगणी-कापणीला आलेली गोजरबाई. तू दीड वर्षाचा होतास तेव्हा आईला हिवतापाने अंथरुणाला खिळवलं होतं, आणि ज्वारीचा तो अख्खा हंगाम गोजरबाईने तुला लुगड्याच्या झोळीत पाठीशी बांधून काढला होता. आज सकाळच्या एसटीने ती गावाहून चिखलीला, तुझ्या बिऱ्हाडाच्या दारी आली आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा निवांत वाच. चेहरा तेवढा सांभाळ, कारण अक्षरं नाही तरी तुझं तोंड ती लहानपणापासून वाचत आली आहे. तिच्या काखेत एक ओलसर बोचकं आहे, त्याला हात लावू नकोस. मागितलंस तरी ती इतक्यात देणार नाही.

आपण अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात ड्रायर पाहायला गेलो होतो, तो दिवस मला हल्ली फार आठवतो. बचत गट आमचा, बावीस बायांचा. अध्यक्ष मी. पण सगळ्या जणी तुझ्याकडे पाहत होत्या, कारण ट्रॅक्टर तुझा होता. विजेवर चालणारा ड्रायर आपण लगेच सोडला; आपल्या गावात थ्री-फेज कधी येते नि कधी जाते हे वायरमनलाही सांगता येत नाही. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारे, चाकांवर शेतोशेत ओढून नेता येणारे असे दोन उरले. एक मोठा, झटपट वाळवणारा. दुसरा लहान आणि सावकाश, पण त्याच्या गरमीच्या बटणावर झाकण होतं नि झाकणाला कुलूप. किल्ली जिच्याकडे, तिलाच गरमी वाढवता येणार. मला तो हवा होता. तू सगळ्यांसमोर हसलास, ‘ताई, दाणे वाळवाचे हायेत का दागिने ठेवाचे हायेत त्याच्यात?’ बाया खदखदून हसल्या, गोजरबाई सगळ्यांत जास्त. मग मीही हसले, आणि आम्ही मोठा घेतला.

यंत्र शिकवायला आलेल्या माणसाने एक गोष्ट दोनदा सांगितली होती आणि तू दोन्ही वेळा मान हलवली होतीस. बाजारात न्यायच्या सोयाबीनला पंचावन्न-साठ डिग्रीची हवा दिली तरी चालतं, कारण त्याचं शेवटी तेलच व्हायचं असतं. बियाण्याला चाळीसच्या वर एक काटा नाही. वर गेलं की दाणा दिसायला तसाच राहतो, पिवळा, गोल, चमकदार, आणि आत मेलेला असतो. मी ते चाळीस पत्र्यावर लाल ऑइलपेंटने, वीतभर उंचीच्या आकड्यात, स्वतःच्या हाताने लिहून काढलं. तू ट्रॅक्टरवर बसलास की ते बरोबर तुझ्या नजरेसमोर यायचं.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. नवरा गेल्यावर मी सुलतानपूरहून परत आले तेव्हा बाबांनी मला तीन एकर दिलं होतं, आणि तू तेव्हा तोंड वाकडं केलं नव्हतंस, हे मी विसरलेले नाही. त्या तीन एकरांत मी बियाण्याचं सोयाबीन केलं. बावीस पोती, बावीस जणींसाठी एकेक. मीटरवर ओल सोळा टक्के होती आणि दहावर आणायची होती. सकाळी नऊला तू ड्रायर सुरू केलास. जालन्याच्या बाजूने आभाळ भरून येत होतं, आणि तुझं बाजारात न्यायचं सोयाबीन, दोन ट्रॉल्या, ताडपत्रीखाली नंबर लावून उभं होतं. अकराला मी तुझं जेवण आणायला घरी गेले. तुला ताजी भाकरी लागते, तव्यावरचं बेसन लागतं, म्हणून शिळं होतं ते बाजूला ठेवून सगळं नव्याने केलं. एकला डबा घेऊन आले तर ड्रायर रिकामा, पोती भरलेली, मीटर दहावर, काटा शहाण्यासारखा चाळीसवर. मी विचारलं, इतक्यात कसं रे झालं? तू म्हणालास, ‘वारा चांगला व्हता, ताई.’ मी खुळी खूश झाले. काही दाण्यांची साल तडकलेली दिसली, ती मी मळणीयंत्राच्या माथी मारली. तू तीन भाकरी खाल्ल्यास. पुढे भाऊबीजेला तुला ओवाळलं तेव्हा तुझी नजर ताटावरून उठत नव्हती. मला वाटलं, लाजतोय.

मग मे महिना. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी अकोल्याला दवाखान्यात तिच्या उशाशी होते. तुला फोनवर म्हटलं, आपल्या बियाण्याची उगवण तेवढी पाहून ठेव. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव, सातव्या दिवशी उघड आणि मोज. आठ दिवसांनी तू सांगितलंस, ‘ब्यांशी उगवले.’ ब्यांशी! ऐंशी नाही, पंच्याऐंशी नाही. खोटं बोलणाऱ्याला इतका नेमका आकडा सुचावा, या कसबाला मी आजही मान देते. आईला स्मशानात पोचवून मी घरी आले तेव्हा आपलं गोणपाट नेहमीच्या खुंटीवर कोरडं ठणठणीत लोंबत होतं, वर कोळ्याचं जाळं. मी ते पाहिलं. पण त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि तुझा आकडा मी एकवीस घरी पायी जाऊन सांगून आले.

शंभरातले नऊसुद्धा उगवले नाहीत. दहाव्या दिवशी गोजरबाई माझ्या अंगणात आली आणि तिने मूठ उघडली. पेरणीच्या तासातून, मातीतून उकरून आणलेले दाणे होते, फुगलेले, कुजून बुळबुळीत झालेले. त्याचा वास माझ्या नाकातून अजून जात नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘छाया, तुह्या तोंडाकडं पाहून पेरलं वं मी.’ तिने शिव्या दिल्या असत्या तर मी तिची ऋणी झाले असते. उशिरा टाकलेली तूर तिला साधली नाही, आणि तेव्हापासून पासष्टीची ती बाई पुन्हा लोकांच्या धुऱ्या-बांधांवर निंदणाला जाते. माझ्या घरचं चहापाणी तिने बंद केलं. तिचं पाहून बाकीच्यांनीही.

गटाच्या बैठकीत मी एकच शंका काढली होती, गरमी जास्त झाली असेल का? तू उठून उभा राहिलास. ‘उन्हातानात वाळते नं सोयाबीन? मंग मशीनच्या गरमीनं काय व्हते? ताईनं पोते वल्या भितीले लावून ठेवले व्हते.’ एकवीस बायांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अध्यक्षपद त्याच दुपारी गेलं. आणि गंमत ऐक, मी तुझ्यावर विश्वास ठेवला! चार महिने मी त्या भिंतीला दोष देत होते. गवंडी बोलावून तिला आतून सिमेंट लावून घेतलं.

गरमीने काय होतं, हे तुला नवव्या वर्षापासून माहीत आहे, शेखर. पाहुणे यायचे होते आणि आईने मूग भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते. मोड लवकर यावेत म्हणून तू ते गाठोडं उचलून चुलीच्या वैलावर ठेवलंस. सकाळी आंबूस वास सुटला, एकाही दाण्याला मोड नव्हता. आईने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस, आणि फुंकणीचा मार मी खाल्ला. तू दाराआड मूग गिळून उभा होतास. मी खरं सांगितलं नाही, कारण तू लहान होतास आणि तुझी हनुवटी थरथरत होती. तिथेच माझं चुकलं. त्या दिवशी तुला दोन बसल्या असत्या तर गोजरबाईचं शेत उगवलं असतं.

आता तुझ्या बियाण्याचं. गेल्या ऑक्टोबरात सारिकाचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, तुला चिखली सोडता येत नव्हती. तुझा फोन आला, ‘ताई, पाणी येऊन राह्यलं. माह्यं तेवढं बेनं वाळवून दे.’ तोवर ड्रायरला गावात दुसरं कुणी हात लावत नव्हतं, म्हणून मीच तो चालवायला शिकले होते. पीटीओला शाफ्ट जोडायचा, बर्नर पेटवायचा, दर अर्ध्या तासाला मूठभर दाणे काढून मीटरमध्ये टाकायचे. तुझ्या सोयाबीनची ओल सोळा. माझ्या सोयाबीनएवढीच. सकाळी आठला चाळीसवर सुरू केलं. चार तास झाले, तुझे होते तितकेच चार तास. मीटरकडे पाहिलं तर साडेतेरा. अजून निम्म्याहून जास्त वाळायचं होतं; तुझी आठ पोती जास्त धरली तरी हिशेब बसत नव्हता. मी दुसरी मूठ काढली, तिसरी काढली. साडेतेराच. आणि वारा चांगला होता, शेखर. फार चांगला वारा होता.

तेव्हा मला कळलं. मी भाकरी थापत होते तेव्हा तू काय केलंस ते, आणि कशासाठी केलंस तेही. माझ्याशी तुझं वैर असतं तर मला इतकं लागलं नसतं. पण तू ते दोन ट्रॉल्यांवर पाऊस पडू नये म्हणून केलंस. मला तुझी किळस आली. आणि त्याच वेळी, ऑपरेशनच्या खोलीबाहेर तू बाकावर एकटा बसला असशील हेही मनात आलं, याचा मला स्वतःचा राग आला. माझा हात गरमीच्या बटणावर होता. रानात कुणी नव्हतं, डबा घेऊन येणारंही कुणी नव्हतं. समोर तुझी तीस पोती होती. मी तशी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. चार दिवसांनी भाऊबीजेला तुला ओवाळलं, ते सगळं ठाऊक असून ओवाळलं. निरांजन तुझ्या तोंडापाशी जरा जास्तच वेळ धरलं होतं, तुझ्या लक्षात आलं नाही.

तरीही मनाचा एक कोपरा म्हणत होता की बर्नर बिघडला असेल, काटा चुकला असेल, माझा भाऊ असं नाही करायचा. तो कोपरा तुझ्या कालच्या मेसेजने झाडून काढला. पोत्याच्या तोंडाशी तुला तडकलेले दाणे दिसले असतील, होय ना? पण गरमीने काही होत नाही असं ज्याला वाटतं, तो पेरणीच्या तोंडावर गरमी किती होती हे विचारत नाही. आणि ‘खरं सांगजो’ हे तर लिहीतच नाही.

म्हणून हे पत्र. तू पोती घेऊन गेलास त्याआधी मी त्यातले मूठभर दाणे काढून ठेवले होते. ओल्या गोणपाटावर शंभर मांडले, दहा ओळी, ओळीत दहा. काल सातव्या दिवशी, तुझा मेसेज यायच्या तासभर आधी, मी ते उघडून मोजले, पुन्हा गुंडाळले आणि सुतळीने बांधले. गोजरबाईच्या काखेत आहे ती तीच गुंडाळी. त्या दुपारी मला तुझ्यासारखं होता आलं की नाही, ते तिच्यात आहे. नव्याने पाहायला तुझ्यापाशी सात दिवस नाहीत. ती गुंडाळी गोजरबाई तुला देईल, पण तिचं पेरलेलं का उगवलं नाही हे आधी तू तिला तुझ्या तोंडाने सांगायचं आहेस. बटण कुणी फिरवलं, कशासाठी फिरवलं, ब्यांशी कुठून आणले, सगळं. वर्षभराने तिच्या दारी जाऊन मी तिला म्हटलं आहे, तुझं का उगवलं नाही ते शेखरला ठाऊक आहे; त्याने ते सांगितलं तर गुंडाळी दे, आणि वारा, भिंत, नशीब असलं काही बोलू लागला तर तशीच काखेला मारून दुपारच्या एसटीने परत ये. तिने मला दोनदा विचारलं, ‘शेखर काऊन सांगन वं? त्याले काय ठाऊक?’ ते उत्तर मी तुझ्यासाठी ठेवलं. सांगवलं नाही, तर परवा डोळे मिटून तीस पोती वडनेर भोलजीला धाड. सासऱ्यांनी उगवण किती म्हणून विचारलं, तर ब्यांशी सांग. पण आधी तिला पाणी दे, उन्हातून आली आहे.

अजूनही तुझीच,
छायाताई