रंगाखालचा आकडा

घरून,
शुक्रवार, ता. १४

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. नळकांड्यात नकाशाची मोठी शीट, एक पेनड्राइव्ह आणि बाबांच्या चष्म्यासाठी नवी पेटी निघाली. तिकिटं कमी लावली होतीस, वरचे बारा रुपये मला भरावे लागले; ते टपालखर्चात मांडले आहेत. चिठ्ठी नव्हती. नळकांडं उलटं करून दोनदा आपटूनही पाहिलं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पार्सलच्या वेष्टनाच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. कागद चांगला जाड आहे, टाकवला नाही.

देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक. न्हाणीघराचं गळणं थांबलं. बाबांनी वर्तमानपत्र बंद करायला लावलं, त्यात आता काही राम उरला नाही म्हणतात. तेवढीच बचत. घरात भिंतीला हात लावत चालतात. विचारलं तर म्हणाले, ओल आली आहे का ते बघतो. परवा चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि पूर्ण कप संपवून मला सांगितलं, की वाण्याने या वेळी साखर हलकी दिली. मी म्हटलं, वाण्याला सांगते.

बांधाच्या बैठकीबद्दल मी लिहिणार नव्हते. बापलेकांच्या मध्ये पडू नये असं मला वाटतं. पण सूनबाईने कळवलं, की नकाशा अजून बाजूला ठेवलेला आहे आणि पुढच्या बैठकीतही तो कुणी मान्य केला नाही तर तुझं काम जाईल. मग गप्प कशी बसू?

त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. जमिनीच्या उंचीचे आकडे बाबांनी नोकरीत असताना उन्हातान्हात पट्टी धरून घेतलेले, आणि त्यावरून नकाशा तू केलेला. ओढ्याचा बांध कुठून घालायचा ते त्यावर ठरणार होतं. दोघांची नावं एका कागदावर येणार म्हणून मी घरून निघताना देवापुढे दिवा लावून आले होते. आणि बाबा शीटजवळ गेले, वाकून पाहिलं आणि भर सभेत म्हणाले, "पंपघराचा कोपरा आणि खालचं मैदान एकाच पातळीला दाखवलंय. हे माझे आकडे नाहीत. पोराने मोडले ते." त्यांच्या शब्दापुढे तिथे कोण बोलणार? इंजिनिअरसाहेबांनी शीट गुंडाळली. तू चपला पायात सरकवून जो गेलास, तो मला न सांगता थेट गाडीला.

बरं, आता कालचं ऐक. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई आहेत ना, त्यांच्याकडे नकाशाचा प्रोग्राम आहे. संध्याकाळी त्यांना पेनड्राइव्ह दिला. बाबा नको नको म्हणत होते, पण खुर्ची ओढून बसले. बाईंनी नकाशा उघडला. म्हणाल्या, हा सगळा बारीक चौकोनांचा आहे आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा आहे. त्यांनी पंपघराच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. आकडा वाचायच्या आधीच बाबांनी तो तोंडपाठ सांगून टाकला. तोच निघाला. मैदानाचा विचारला, तोही बाबांनी सांगितला तसाच. शाळेची पायरी, दगडी पूल, गिरणीमागची वाट. बाबा सांगत गेले आणि बाई मान डोलावत गेल्या. एकही दशांश इकडचा तिकडे नव्हता.

मग बाईंनी रंग बदलले. निळाहिरवा नकाशा सगळा पिवळा-तपकिरी झाला. पुन्हा कोपऱ्यावर बोट ठेवलं, आकडा तोच. "काका, रंग फक्त बघायला. कितीदाही बदला, खालचा आकडा हलत नाही," त्या म्हणाल्या. मला पटलं. शेजारीण विचारते तेव्हा मी 'छान चाललंय' म्हणते, तेवढ्याने माझ्या वहीतली शिल्लक थोडीच बदलते.

बाबांनी हळूच विचारलं, "आत्ता तो कोपरा कुठल्या रंगात आहे?"

नकाशा त्यांच्या नाकासमोर होता रे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पदराशी चाळा करत राहिले.

तुला सांगणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता, म्हणून इतकी मीठसाखर लिहीत बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. फिकट निळा आणि फिकट हिरवा त्यांना एकच दिसतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनने नीट होईल. हे म्हणतात, डोळ्याला हत्यार लावून घेणार नाही. तू आकडे मोडलेस म्हणून ते चिडले नव्हते. आपल्याला दिसत नाही हे सभेत कुणाला कळेल, याचीच त्यांना धास्ती होती.

एक गोष्ट तुलाही सांगते, रागावू नकोस. बाई म्हणाल्या, कार्यालयाला तू नुसतं चित्र दिलं होतंस, त्यात रंग उरतो, आकडा राहत नाही. तिथे आकडे असते तर कुणीही बोट टेकवून बघितलं असतं. या वेळी मूळ फाइल दे. आणि रंग जरा ठसठशीत घे, तुझ्या बापासारखे आणखीही असतील.

आज सकाळी पूजा उरकेपर्यंत बाबा दाराशी ताटकळत उभे होते. म्हणाले, "लिही त्याला. आकडे माझेच आहेत, ते मी सभेत उभा राहून सांगेन. का चुकलो तेही सांगेन." मग थोडं थांबून, "पण शीटपर्यंत मला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागेल." मी म्हटलं, मी नेते. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी नेलेलं त्यांना नको आहे, एवढं मला कळतं. तू हात धरलास तर ऑपरेशनलाही येतील, असा माझा अंदाज आहे.

बैठक पुढच्या सोमवारी, ता. २४ ला आहे. पत्राच्या तळाची सही बाबांनी स्वतः केली आहे. ओळ सोडून खाली घसरली आहे, पण त्यांचीच आहे.

आदल्या रविवारच्या गाडीने येतोस की नाही, तेवढं उलट टपाली कळव. उत्तरासाठी जोडकार्ड आत घातलं आहे, तिकीट पुरेसं लावलं आहे.

तुझी वाट पाहणारी,
आई