सिलोनचं मावंदं

डोंबिवली,
अक्षयतृतीयेचा दुसरा दिवस, १९५७

ती. दौलतराव यांस आनंदरावाचा सप्रेम नमस्कार.

आपली गुडघेदुखी, वहिनींचा दमा आणि परसातल्या म्हशीचा मारकेपणा, या तिन्हींना आता उतार पडला असेल अशी आशा करतो. (म्हशीची चौकशी आपल्या भगिनीच्या आग्रहावरून.) इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं पाहता खुशाल आहे ती एकटी कमळा. माझं काय झालं ते पुढे सविस्तर येईलच, आणि तिचे थोरले भाऊ या नात्याने त्यावर इलाजही आपल्याच हातात आहे.

गेल्या पौषात आमच्या चहाच्या पेढीने मला सिलोनला पाठवलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. साहेब चहाचे नमुने चाखायला निघाले होते आणि मी साहेबांच्या पेट्या सांभाळायला. त्यामुळे त्या बेटाचा इतिहास, संस्कृती आणि निसर्ग यांचं माझं ज्ञान पेट्यांच्या आडून मिळालेलं आहे, तरी डोंबिवलीला ते पुरून उरलं. कँडीला बुद्धाच्या दाताचं देऊळ आहे. तिथे ढोल वाजले, दार उघडलं, पुढच्या माणसाची मान दिसली आणि दार मिटलं. ती मान मात्र मी अजून ओळखेन. अनुराधपूरला अशोकाच्या लेकीने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड आहे. त्याला आधाराला सोन्याचा मुलामा दिलेले टेकू लावले आहेत, आणि आपल्याकडे अंगणातल्या शेवग्याला साधा बांबू मिळत नाही. घोरपडी भर रस्त्यातून अशा चालतात, की जणू पेन्शनर मंडळी सायंकाळी फिरायला निघाली आहेत. जेवणात भातावर नारळ, भाजीत नारळ, चटणीत नारळ. पावसाळी रानात जळवा आहेत, त्या माणूस साहेब असो की पेट्या उचलणारा, भेद करत नाहीत. माझ्या पोटरीला लागलेली जळू साहेबांनीच सिगारेटने काढली. नोकरीत साहेबांनी माझ्यासाठी केलेली ही एकमेव गोष्ट.

आता मूळ घोटाळा. कँडीजवळ नदीवर हत्ती आंघोळीला आणतात. एक पिल्लू माहुताच्या डोक्यावरचं फडकं काढी, पाण्यात बुडवी आणि परत त्याच्याच डोक्यावर पिळी. मी काठावर बसून ते बघत राहिलो. तेवढ्यात साहेबांची मोटार वर डोंगरातल्या मळ्यांकडे निघून गेली, मला न घेता. त्या रस्त्यावर पुढे सीतामाईचं ठिकाण आहे, अशोकवन म्हणतात ते तिथलंच. मोटार तिथे थांबलीसुद्धा. साहेबांनी ते पाहिलं, मी नाही पाहिलं.

घरी आल्यावर कमळेने हातपाय धुवायला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, सीतामाईचं ठिकाण कसं आहे. मी खरं ते सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या जिथे होता तिथे नेऊन ठेवला आणि पोळ्या लाटायला बसली. दौलतराव, त्या परत ठेवलेल्या तांब्याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रखमाबाई विचारायला आल्या, मावंदं कधी? काशी-रामेश्वर करून आलेला माणूस गंगेची पूजा करून चार माणसं जेवायला घालतो, तशी मीही घालावीत. पण लंका हे तीर्थ की रावणाचं घर, यावरून आळीत दोन तट पडले. गुरुजींना बोलावलं. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि निर्णय दिला की सीतामाईच्या वास्तव्यामुळे मावंदं करावं आणि समुद्र ओलांडल्यामुळे प्रायश्चित्तही करावं; जेवणं अर्थात वेगवेगळ्या दिवशी. गंगेच्या जागी पूजेला काय ठेवायचं, हा प्रश्न उरला. मी तिकडून केशरी रंगाचा एक नारळ आणला होता (उद्देश पाणी पिण्याचा). तो पाटावर बसला. त्याला हळदकुंकू लागलं, आणि त्या दिवसापासून तो माझा राहिला नाही.

मावंदं झालं, प्रायश्चित्त झालं, पण नारळ उठेना. सीतामाईच्या देशचा नारळ म्हणून रोज दुपारी बायका ओटी घेऊन येऊ लागल्या. आल्याच आहेत तर मी दोन शब्द सांगू लागलो. दोनाचे शंभर कधी झाले ते कळलं नाही. कमळा स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत ऐके. हळूहळू माझी गाडी घसरली की ती तिथूनच रुळावर आणू लागली. एकदा भर सभेत म्हणाली, “मागच्या खेपेला हत्ती कमी होते.” दुसऱ्यांदा दाताच्या देवळाचा दरवाजा मी पूर्वेला नेला, तो तिने जागच्या जागी आणून ठेवला. पुढे पुढे बायका माझ्याकडे पाठ करून तिलाच विचारू लागल्या. नारळाला मधेच वास येऊ लागला, तरी कोणी नाक धरलं नाही. मी धरलं, तर रखमाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात खाली घेतला.

चैत्रात वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं, काळुराम पाटलांच्या आवारात. पाटील आता इथले जमीनदार, वडील मात्र मिठागरात राबलेले, मोठे उमदे गृहस्थ. ऐन दिवशी माझा घसा बसला (कैरीचं पन्हं). मी कमळेला म्हटलं, तू नुसतं वाचून दाखव. तिने कागद हातात धरला आणि एकदाही त्यात पाहिलं नाही. जळवांपाशी लोक हसले, बोधिवृक्षापाशी गप्प झाले. माझ्या जळवांना कधी कोणी हसलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, आमच्याकडून सीतामाईचं ठिकाण बघायचं राहिलं, ते आता आम्ही बायका बघून येऊ. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, “आमची आय पन जानार हाय. तिला हत्ती नको, सीतामाय दाखवा.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून घरात तयारी चालू आहे. पासपोर्टाची खटपट पाटील करताहेत, दशम्या कशात बांधायच्या ते शेवंतीबाई, म्हणजे त्यांच्या मातोश्री, ठरवताहेत. मी त्यात कुठे, असं विचारलं तर उत्तर मिळालं की तुमचं बघून झालंय. मागे एकट्याला जेवायची पंचाईत नको म्हणून मला भात शिकवला जात आहे. तेव्हा दौलतराव, आपण चार वडीलधारे शब्द लिहावेत, समुद्र, वारा, बोट, बायकांची जात वगैरे. आपला शब्द ती मोडणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
आनंदराव

ता. क. नारळ काल गुरुजींच्या सल्ल्याने खाडीत सोडला. भरतीने तो पुन्हा काठाला आणला. बायका म्हणतात, त्याला घरी जायचं आहे, आम्ही नेऊ.

ता. क. २. वर म्हटले ते चार शब्द लिहू नका. तिला जाऊ द्या. फक्त मलाही बरोबर घ्यावं, एवढं सुचवा. सामान उचलेन, पेट्या सांभाळण्याचा अनुभव आहे. तिने ते ठिकाण पाहताना मी तिथे नसलो, तर मी सिलोनला गेलोच नाही असं मला जन्मभर वाटेल. मी विचारलंय हे सांगू नका. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतो. खळ म्हणून ती माझा कालचा भात वापरते.

दादास कमळाचा नमस्कार. चिकटवण्याआधी वाचलं. यांना न्यायचं मी त्या व्याख्यानाच्या दिवशीच ठरवलंय. इतक्यात कळवू नकोस, भात जमत आलाय, आमटी अजून राहिली आहे. तू घर राखायला ये. आणि काळजी करू नकोस, सीतामाईपाशी जाऊन येईपर्यंत मी यांचा हात सोडणार नाही. हत्ती त्यानंतर.