पिवळा ठिपका

विश्रामगृह, घाटाचा पायथा
ता. ११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वादळापासून इकडचे फोन बंद आहेत, म्हणून हे पत्र आपल्या ओळखीच्या बसवाल्या काकांच्या हाती देतोय. उद्या ते तुला पोचवतील आणि परवा इकडे येताना तुझं उत्तर आणतील. हिच्या अंगात कणकण आहे, तेव्हा तोवर इथेच मुक्काम. मग घाट ओलांडून हिच्या माहेरी.

ताई, मला भीती वाटतेय. निघायच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये मोटरसायकलचं सर्व्हिसिंग केलं, मागचा टायर बदलून घेतला, आणि तेव्हापासून ही गाडी माझी वाटतच नाही. वळण आलं की मागचं चाक आपल्याच मनाने बाहेर जाऊ बघतं. काल उतारावर गाडी अशी सरकली की समोरच्या ट्रकवाल्याचा घाबरलेला चेहरा मला स्पष्ट दिसला. हिचं म्हणणं, मी तिच्या वजनावर खापर फोडायला निमित्त शोधतोय. मीही हसलो, पण उतार संपेपर्यंत ब्रेकवरचं बोट काढलं नाही.

जमेल तेवढं सगळं हलवून पाहिलं. मागच्या चाकाच्या मोठ्या नटावर बाबांचा पिवळा ठिपका शाबूत आहे, म्हणजे तिथली काळजी नाही. बाबांनी आवळून ठिपका दिला की त्या नटाला आपण कधी हात लावला आहे का? मग बिघडलंय कुठे? तू जरा शोरूममध्ये जाऊन विचार. बाबांच्या कानावर घालू नकोस, उगाच जिवाला घोर लावून घेतील.

कळावे. आहे तो लोभ राहू दे, रागावणं मी परत आल्यावर.
तुझा,
धाकटा


घर
ता. १२

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शिवणयंत्रावरचं कापड तसंच टाकून शोरूम गाठलं. मॅनेजरने पाणी पुढे केलं आणि नव्या टायरला असं व्हायचंच म्हणून माझी बोळवण करायला निघाला. मी काही हलले नाही. शेवटी त्याने मिस्त्रीला बोलावलं. त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. पिवळ्या ठिपक्यापाशी आले आणि त्याचा चेहराच उतरला.

त्यांची पद्धत अशी आहे. एक जण चाक बसवतो आणि नट नुसता हाताने फिरवून ठेवतो. मागून हा मिस्त्री येऊन मोठ्या पान्याने तो आवळतो आणि आवळल्याची खूण म्हणून ठिपका देतो. त्यांचा ठिपकाही पिवळाच. चाक बसवणारा जेवायला गेला, हा आला, नट काढून पुन्हा घातला तरी न पुसलेला बाबांचा जुना ठिपका त्याला दिसला, आपणच मघाशी आवळलं असेल असं समजून हा पुढच्या गाडीकडे वळला.

धाकट्या, तुझं चाक नुसतं बोटांच्या जोरावर अडकलेलं आहे. गाडीला हात लावू नकोस. उद्याच्या बसने हे पत्र आणि पाना घेऊन तो मिस्त्री स्वतः येतोय, मी त्याला त्याशिवाय सोडलंच नाही. मॅनेजर म्हणे, घरच्यांनी रंग लावायचा कशाला. मी विचारलं, आवळायचं काम रंगाचं होतं की तुमच्या माणसाचं?

वहिनीला जप. माझा जीव तुमच्यात अडकलाय, तेव्हा मिस्त्री येईपर्यंत मुकाट्याने बसून राहा. एवढा लोभ तरी माझ्यावर कर.
तुझी,
ताई


घर
ता. १३

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र वहिनीच्या माहेरच्या पत्त्यावर टाकतेय. बस सुटली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला ऊन व्हायच्या आत निघायची खोड आहे, आणि बस तिथे पोचते दुपारी. तू उत्तरासाठी थांबशील असं मी धरून चालले. थांबला असशील ना रे?

बाबांना सांगावं लागलं, कारण मी तिसऱ्यांदा दार उघडून रस्त्यावर बघून आले. शोरूमवाले नट आवळायला विसरले, एवढंच सांगितलं. ठिपक्याचं बोलले नाही. ते खुर्ची उचलून दारात नेऊन बसले. रस्त्यावरून कुठलीही मोटरसायकल गेली की आम्ही दोघं एकदमच मान वर करतो.

हे पत्र कोणाच्या हातात पडणार आहे तेही मला माहीत नाही. पुढे लिहवत नाही.
ताई


माहेर
ता. १४

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

दोघंही जिवंत आहोत, हे आधी. यांचं मनगट मोडलंय, म्हणून मी लिहितेय.

रात्रीत माझा ताप चढला. मला लवकर डॉक्टरकडे न्यायचं म्हणून हे सकाळीच निघाले. मी म्हटलं, बस येऊ द्या. तर म्हणाले, बाबांचा ठिपका आहे ना, मग हळूहळू जाऊ. घाट उतरायला लागलो आणि माझ्या खालची सीट थरथरायला लागली. मळमळतंय असं सांगून मी उतरले. ते खोटं होतं, मी भ्याले होते. पुन्हा काही बसेना. चालत येते म्हटलं, तर हे चिडले, पण पायांनी रेटत माझ्या बरोबरीने गाडी न्यायला लागले.

माझ्या डोळ्यांदेखत मागचं चाक तिरकं झालं. गाडी दरीच्या कठड्यावर आपटली आणि हे अलीकडे, रस्त्यावर. बऱ्याच वेळाने बस आली. मिस्त्री पाना हातात घेऊन उतरला, त्याने चाकाकडे बघितलं आणि पाना परत पिशवीत ठेवला. तुमचं पत्र आम्ही बसमध्ये वाचलं.

नट मला रस्त्यात सापडला. ठिपका आहे तसा आहे. यांचं एकच चाललंय, मामंजींना ठिपक्याचं कळता कामा नये. तेवढं सांभाळा.

माझा ताप उतरलाय. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.
तुमची,
वहिनी


घर
ता. १७

चि. धाकट्यास व चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुम्ही तिघांनी मिळून लपवलंत, पण मिस्त्री माफी मागायला घरी आला आणि सगळं सांगून बसला. चूक त्याची आणि त्याच्या शोरूमची आहे. तसं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि मग चहा दिला.

त्यानंतर चिंधी आणि रॉकेल घेऊन घरातले सगळे ठिपके पुसले. शिडीवरचे, पंख्यावरचे, ताईच्या यंत्रावरचे. ताई म्हणाली, माझ्या यंत्रावरचा राहू द्या. राहू दिला नाही. काल दुपारी पंख्याखाली आडवा झालो तर डोळा लागेना. स्टुलावर चढून नट चाचपला, घट्ट होता. खाली उतरलो आणि वाटलं, खरंच होता ना? पुन्हा चढलो.

धाकट्या, तो ठिपका काही गाडीसाठी नव्हता. तू बाहेर पडलास की मला फार भीती वाटते, लहानपणापासून वाटते. ठिपका दिला की माझं काम झालं असं वाटून झोप लागायची. आता रंगाचा डबा टाकून दिलाय आणि भीती आहे तिथेच आहे.

सूनबाई, तू भ्यालीस म्हणून माझा मुलगा वाचला. पुढेही अशीच भीत जा, आणि खोटं सांगायची गरज नाही, सरळ उतरून उभी राहा.

परत येताना बसनेच या. काकांच्या बसच्या चाकांचे नट मी आज स्टँडवर जाऊन एकेक हाताने पाहिले. ते हसले, पण त्यांनी पाहू दिले. उद्या पुन्हा जाणार आहे.

कळावे. लोभ आहेच. खुर्ची अजून दारातच आहे.
तुमचे,
बाबा