मिशीवर न बसणारा मास्क

अहो,

आपल्या सुरुचीला दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात नेलंय. तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत थांबत नाही, स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी पकडते. आमटी गॅसवर आहे.

तुमच्या झोपेच्या मशीनचा माणूस येऊन गेला. मिशी आहे तोवर हा तिसरा मास्कही हवा सोडणारच, म्हणाला. नाकपुड्यांत बसणारा तर तुम्ही पहिल्याच रात्री भिरकावलात. वडील हयात असताना आमच्यात मिशी काढत नाहीत, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. मला नाही हसू आलं.

झोपेत तुमचा श्वास अडकला की मी कोपराने ढोसते. आता कोण ढोसणार? मिशीचं विचारायला मामंजींकडे गेले, पण जीभ रेटेना. रात्री यांच्याकडे लक्ष ठेवा, एवढंच म्हटलं. त्यांना तर कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही.

"मग त्याच्या छातीवर हात ठेवून झोपतो," म्हणाले.

मास्क उशाशी ठेवलाय. टिकेल तेवढा लावा. त्यांचा हात मात्र बाजूला करू नका.

श्यामला