मंगळवेढा सोडून सगळीकडं

३ फेब्रुवारी, सोमवार

पायलनं ऐकलं नाहीच! आज मला ओढत सात रस्त्याजवळ वेबसाइटी करणाऱ्या सलमानच्या ऑफिसात नेलं. तिचं म्हणणं — खेड्यातली माणसं पेशंट घेऊन सोलापूरच्या हॉस्पिटलात येतात. त्यांचं माणूस गेलं तर तिरडीचं सामान शोधायचं कुठं? मोबाइलवरच ना! म्हणून आपल्या दुकानाला वेबसाइट हवी. बोलणं खरं आहे. पण बापाच्या असल्या धंद्याची जाहिरात करायला निघालेली लग्नाची मुलगी मी पहिल्यांदाच बघतोय.

सलमाननं शिकवणी घेतली. वेबसाइटला तीन गोष्टी लागतात. एक नाव — ते वेळच्या वेळी पुन्हा नोंदवायचं, नाहीतर दुसरा उचलतो. दुसरी जागा — ती भाड्याची, कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर. तिसरा मजकूर. म्हणजे पाटी, गाळा आणि माल! एवढं सांगायला त्यानं दोन चहा घेतले.

"आपला कॉम्प्युटर बंद केला की वेबसाइट बंद?" मी विचारलं.

"न्हाय की चाचा. ती तुमच्या कॉम्प्युटरात राहातच न्हाय."

६ फेब्रुवारी

घरी आग! ही म्हणाली, "पोरीचं जमत आलंय आन् तुमी दवंडी पिटा!"

मंगळवेढ्याच्या पाहुण्यांना हिनं सांगितलंय — आमचा बांबू, कापड आणि मातीच्या भांड्यांचा व्यापार. खोटं एक अक्षर नाही! मुलगा शिवराज, बँकेत आहे, कमी बोलतो. पायलला मनापासून आवडलाय. येत्या सोळा तारखेला सुपारी फुटायची. याआधी दोन स्थळं दुकान बघून परत गेली. पायल तेव्हा हसली होती. मला हसू आलं नाही, फार लागलं होतं.

७ फेब्रुवारी

सलमानला फोन. म्हटलं, वेबसाइट कर, पण मंगळवेढा सोडून सगळीकडं दिसू दे.

तो म्हणाला, "चाचा, ती मंगळवेढ्याला दिसती म्हणूनच अमेरिकेलाबी दिसती. मधी दार न्हाय."

मग कसली डोंबलाची सोय!

१० फेब्रुवारी

वेबसाइट तयार. सलमाननं कुठल्यातरी साड्यांच्या दुकानाचा तयार साचा वापरलाय. वर — आपले सहर्ष स्वागत! मध्ये — पाचशेहून अधिक समाधानी ग्राहक! तळाला — पुन्हा अवश्य या!

मी खुर्चीतून उठलोच. आमच्या धंद्यात 'या' म्हणत नाहीत. वडिलांनी गल्ल्यावर बसवताना तेवढंच शिकवलं होतं — गिऱ्हाईक आलं की मान हलवायची, निघालं की मान खाली घालायची.

"आणि समाधानी कोण रे?"

"तक्रार तर कुणाचीच न्हाय की, चाचा!" वर तोंड करून हसला. मीही हसलो, काय करणार.

सगळं पुसायला लावलं. उरलं काय — सयाजी भांडार, सामानाची नावं, फोन नंबर, नकाशा. आणि माझा फोटो! तो पायलनं घातला. म्हणाली, "पप्पा, चोरी करतोय का आपण?" फोटो राहू दिला.

१३ फेब्रुवारी

मोबाइलवर शोधून बघितलं. पहिला मीच. हातात मडकं.

१४ फेब्रुवारी

ही जेवली नाही. पायलनं समजावलं, ऐकेना. शेवटी मीच सलमानला सांगितलं — काढून टाक. पाच मिनिटांत काढली. उभी करायला आठवडा, पाडायला पाच मिनिटं!

तरी शोधलं की नाव आणि नंबर दिसतोयच. सलमान म्हणतो, गुगल दारोदार हिंडून पाट्या वाचून ठेवतं. दुकान मोडलं तरी पुन्हा फेरी होईपर्यंत जुनी पाटीच सांगत बसतं. हिला हे सांगितलेलं नाही. एका घरात एवढं ज्ञान एकदम नको.

१५ फेब्रुवारी

मंगळवेढ्याहून निरोप आला. उद्याचं राहू द्या, घरात अडचण आहे, नंतर कळवतो. बस्स. कसली अडचण, ते सांगितलं नाही.

बघितलं असणार त्यांनी. दुसरं काय! ही माझ्याकडं बघतही नाही. पायल म्हणाली, "माझ्यामुळं झालं, पप्पा," आणि आत गेली. यावेळी ती हसली नाही.

१७ फेब्रुवारी

निरोप नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी फोन. "सयाजी भांडार का? हॉस्पिटलातून बोलतोय. गुगलवर नंबर मिळाला. वडील गेले. काकांचं घर हितंच हाय, हितंच करायचंय सगळं." नाव विचारलं. शिवराज. मंगळवेढ्याचा! आठवड्यापासून वडील इथं ॲडमिट होते. ही होती अडचण! आणि मी कोण, ते मला सांगवलं नाही.

सामान घेऊन मीच गेलो. शिवराजनं मला बघितलं, मग रिक्षातले बांबू बघितले. मी म्हणालो, माणसं लावून देतो, मी निघतो. तो म्हणाला, "जाऊ नका. तुमीच बांधा. आमच्यात कुणाला येत न्हाय."

बांधली. प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली.

मागून त्याच्या काकांनी विचारलं, "हे दुकानवाले का?"

शिवराज म्हणाला, "माझे सासरे."